विदाउटची शिकवणी

काही इंग्रजी शब्द खानदेशात असे रुळले की त्यांचं माहेर विलायतेत आहे हे कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. 'विदाउट' हा त्यातला बडा पाहुणा. पाहुणा कसला, घरजावईच. जळगाव स्टेशनवर टीसीने एखाद्याचं बखोट धरलं की बघणारे म्हणायचे, "विदाउट सापडला." कशाच्या विदाउट, हे कुणी विचारत नसे. रजा संपल्यावरही घरी बसून राहिलेला कारकून 'विदाउट पे'. संध्याकाळी दिवा न लावता सायकल दामटणारा 'विदाउट बत्ती'. रेशनच्या रांगेत तासभर उभी राहून मग कपाळावर हात मारणारी बाई 'विदाउट कार्ड'. आणि डॉक्टरांनी साखर बंद केलेले दलिचंदशेठ दुकानाच्या गादीवरून चहाच्या टपरीवाल्याला नुसतंच ओरडून सांगायचे, "एक विदाउट!"

पण इतर लोकांच्या अंगाला हा शब्द तेवढ्यापुरता चिकटायचा. तिकीट काढलं, बत्ती लावली की सुटला. जन्मभर चिकटायचा तो मॅट्रिकवाल्यांना. त्या काळी इंग्रजीचा पेपर न देताही मॅट्रिक होता येई. अशाला 'मॅट्रिक विदाउट' म्हणत. त्यामुळे स्थळ बघायला गेलेली मंडळी मुलाची शेती, मुलाचा रंग, मुलाचं पान-तंबाखू असं सगळं विचारून झाल्यावर उठता उठता हळूच विचारायची, "मॅट्रिक म्हणता, पण विथ का विदाउट?"

धुळ्याच्या कुंदाच्या लग्नात नेमका हाच प्रश्न विचारायचा राहून गेला.

कुंदाचे वडील धुळ्यात प्राथमिक शाळेत मास्तर होते. पोरगी मॅट्रिक झाली आणि तीही विथ, याचा त्यांना इतका अभिमान की लग्नपत्रिकेत त्यांनी तसं छापूनच घेतलं : 'चि. सौ. कां. कुंदा (एस.एस.सी., विथ इंग्लिश)'. मुलाकडून मजकूर आला तो असा : 'चि. पितांबर (एस.एस.सी.)'. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याने दोन्ही नावं शेजारी शेजारी बसवली आणि पत्रिका गावोगाव गेल्या. मांडवात अक्षता वाटून झाल्या, अंतरपाट धरला गेला, आणि गुरुजी घसा साफ करत असताना वराच्या मामांनी चष्मा लावून पहिल्यांदा पत्रिका नीट वाचली.

"हाई काय शे?" मामा गरजले. "पोर विथ, मंग आमना पोऱ्या काय शे?"

वधूपक्षाच्या घोळक्यातून कुणी वात्रट ओरडला, "विदाउट!"

मांडव हसला. आचारीसुद्धा झारा हातात घेऊन हसला. अंतरपाट धरणाऱ्याचे हात हसण्याने हलले, आणि त्या हलण्यात कुंदाला पलीकडचा माणूस पहिल्यांदा दिसला. चेहरा मुंडावळ्यांआड होता. दिसले ते फक्त कान. लाल झालेले, पोराचे शाळेत पिरगाळून ठेवावेत तसे. नवऱ्याचे कान बघून कुणा नवरीला गलबलून आलं असेल असं वाटत नाही, पण कुंदाला आलं. संसाराची सुरुवात कुठे लाजेने होते, कुठे भांडणाने होते. त्यांची दयेने झाली, आणि दया ही नवऱ्याला सहन होण्याजोगी गोष्ट नाही.

खरं तर पितांबरची काही चूक नव्हती. धरणगावजवळच्या त्याच्या गावच्या शाळेत हेडमास्तरांना शंभर टक्के निकालाचा ध्यास होता. इंग्रजीत पोरं गळतात, म्हणून त्यांनी अख्खा वर्गच विदाउट बसवला. शाळेचा निकाल शंभर टक्के लागला, हेडमास्तरांचा हारतुरे घालून सत्कार झाला. पोरं मात्र जिथे गेली तिथे विदाउट म्हणून गेली. पितांबर जळगावला एका सरकारी कचेरीत शिपाई म्हणून लागला. वर्गात पहिला आलेला मुलगा, तो आता साहेबांच्या खोलीबाहेर स्टुलावर बसून घंटी वाजायची वाट बघत होता.

मेहरूणमध्ये पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे ओटा, आणि घरात पितांबरची आई. तिला सगळी आळी आक्का म्हणायची. आक्कांचं राज्य कडक होतं. सुनेने मुलाशी त्यांच्यादेखत बोलायचं नाही हा पहिला कायदा, आणि दोन खोल्यांच्या घरात आक्कांच्या दृष्टीआड अशी जागाच नव्हती. तेव्हा नवरा-बायको भिंतीशी बोलत. पितांबर भिंतीकडे बघून म्हणायचा, "पाणी मिळेल का?" कुंदा माठाकडे बघून म्हणायची, "आणते." भाकर करपली की आक्का चुलीपाशी येऊन उभ्या राहायच्या. "तू विथ शे ना व माय, मंग भाकर कशी जळी गई?" इंग्रजीचा आणि भाकरीचा संबंध काय, हे विचारायची सोय नव्हती.

अशी तीन-चार वर्षं गेली. मग कचेरीत हेडक्लार्क सहज बोलून गेला, की पितांबर, तू इंग्रजीचा एवढा एक पेपर काढ, तुला कारकून करायला साहेब तयार आहेत. पितांबरने गावातल्या एका सरांचा क्लास लावला. पहिल्याच दिवशी सरांनी मिसरूड न फुटलेल्या पोरांसमोर त्याला उभं केलं आणि विचारलं, "विदाउट का?" तो परत गेला नाही. घरी येऊन जेवलाही नाही.

आक्कांना पोराचं न जेवणं खपत नसे. कपाळावरचा पदर मागे सारून त्या म्हणाल्या, "घरमा विथ बशेल शे, तिलेच इचार ना. फुकटनी शे."

कायदा ज्यांनी केला त्यांनीच मोडला. दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली.

शिकवणी ओट्यावर. पितांबर कचेरीतून आला, हातपाय धुतले, की ओट्याच्या या टोकाला तो, त्या टोकाला कुंदा. समोर म्युनिसिपालटीचा खांब, त्याच्यावरचा दिवा मनात आलं तर लागायचा. मधल्या उंबऱ्यावर आक्का कापूस घेऊन वाती वळत बसायच्या. पलीकडच्या ओट्यावर हसीनाबी गोधड्यांना टाके घालायची. तिचा नवरा इसाक केळीच्या ट्रकवर, सदा परगावी, त्यामुळे तिच्या घरी संध्याकाळी करमणूक नव्हती. एवढ्या मोठ्या सभेपुढे बायकोकडून शिकणारा मेहरूणमधला पितांबर हा पहिलाच विद्यार्थी असावा.

पहिल्या दिवशी त्याने पुस्तक उघडलं आणि मिटलं. वाचता येत होतं, पण स्वतःचं एक वाक्य जुळेना.

"एखादा शब्द तर नीट येत असेल ना?" कुंदाने जमिनीकडे बघत विचारलं.

"येतो. एकच." तो म्हणाला. "विदाउट."

पलीकडे हसीनाबीची सुई थांबली. कुंदा म्हणाली, "चला, त्याच्यापासूनच सुरू करू. हा शब्द लोकांनी उगाच एकटा पाडलाय. तो एकटा बसत नाही हो. त्याच्या मागून कुणीतरी यावंच लागतं. विदाउट मनी, विदाउट फिअर. आता बघा बरं, आपल्या घरात काय काय नाही?"

पितांबरने मान वर करून घराकडे बघितलं आणि लग्नानंतर पहिल्यांदा तो तिच्यासमोर हसला. कारण असं पाठ्यपुस्तक श्रीमंताच्या घरी मिळालं नसतं. डोअर विदाउट कडी. कडीला लॅच म्हणतात. डोअर विदाउट लॅच. विंडो विदाउट ग्लास. स्टोव्ह विदाउट केरोसीन. अंब्रेला विदाउट हँडल. घर संपलं की आळी होती. हसीनाबीची बकरी होती, तिला दोरी नव्हती. समोरचा खांब होता, त्याला बहुधा उजेड नव्हता. मग कचेरी आली. साहेब विदाउट वर्क, प्यून विदाउट रेस्ट. प्रत्येक वाक्य जुळलं की पितांबर मांडीवर थाप मारायचा, जणू पत्त्यांत हुकूम पडला.

एकदा मात्र तो जोरात होता आणि जोरातच म्हणाला, "हाउस विदाउट..." आणि थांबला. आळीतली पोरं समोर लंगडी खेळत होती. लग्नाला पाच वर्षं होऊन गेली होती आणि या घरात पाळणा नव्हता. आक्कांचा कापूस हातात तसाच राहिला. कुंदाने खांबावरच्या दिव्याकडे बघितलं आणि शांतपणे वाक्य पुरं केलं, "हाउस विदाउट रेडिओ."

"हां, रेडिओ," पितांबर म्हणाला. त्या दिवशी शिकवणी लवकर सुटली.

हळूहळू विदाउटच्या जोडीला बाकीचे शब्द आले. वुई, गो, सिनेमा, टुमारो. आणि एके दिवशी पितांबरने पुस्तकात नसलेलं एक वाक्य पुढे ढकललं, भीत भीत, बोरं चोरून आणलेल्या पोराने मूठ उघडावी तसं : "संडे, वुई गो मेहरूण लेक. विदाउट आक्का."

कुंदाचे गाल तापले. पण आक्कांना त्या सगळ्यातला एक शब्द बरोबर ऐकू आला होता.

"मन्हं नाव कसाले लिधं रे?"

"धडा शे, आक्का," पितांबर म्हणाला. "पुस्तकमा एक आक्का शे."

त्या दिवसापासून इंग्रजीत आक्कांचं नाव 'द कलेक्टर' ठेवण्यात आलं. आणि मग त्या ओट्यावर काय काय बोलणं होऊ लागलं! 'कलेक्टर इज अँग्री टुडे.' 'व्हाय?' 'कलेक्टर टी, विदाउट जिंजर.' 'यू ईट विदाउट मी, नो गुड.' व्याकरणाचा मुडदा पडत होता, पण कुंदा प्रत्येक वेळी दुरुस्त करत नसे. भिंतीशी बोलणारा माणूस तोंड वळवून तिच्याशी बोलत होता. तिला बरं आहे का हे त्याने मराठीत कधी विचारलं नव्हतं, इंग्रजीत विचारलं. "यू आर विदाउट स्लीप?" तिने मान हलवली. सकाळी उठून त्याने स्वतःच बंब पेटवला. दिवसभर राबून संध्याकाळी तिला खांबावरचा दिवा कधी लागतो असं व्हायचं. तो एक तास तिचा होता, आणि अख्ख्या दिवसात तोच तेवढा तिचा होता.

कलेक्टरचं गुपित मात्र फार टिकलं नाही. एका संध्याकाळी शिकवणी लांबली. आक्का उंबऱ्यावरून उठल्या, गुडघ्यावर हात टेकत आत गेल्या, आणि चुलीपाशी बसून आवाज दिला, "आते बास करा. कलेक्टरले भूक लागनी. वाढ व माय."

ओट्यावर दोघं दगड झाले. पलीकडून हसीनाबीचं हसणं एवढं उसळलं की तिची बकरी दचकून ओरडली. आक्का दुसऱ्या दिवशी पुन्हा वाती घेऊन उंबऱ्यावर हजर. फक्त बसल्या त्या पाठ करून.

पास मात्र पितांबर होईना. मार्चला बसला, ऑक्टोबरला बसला. बोलायला शिकत होता ते कुंदाशी, आणि पेपरात कुंदा नव्हती. तिथे कुणा राजाचं, कुणा शिंप्याचं, कुणा कोल्ह्याचं विचारत. निकाल लागला की आळीतले लोक तोंडावर हळहळायचे आणि पाठ वळली की म्हणायचे, "विदाउटचं विथ कुठे होतंय." तो दोन दिवस पुस्तकाला हात लावत नसे. कुंदाही हळहळायची. पण खोटं कशाला सांगा, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पुन्हा हातपाय धुऊन ओट्याच्या त्या टोकाला येऊन बसला की तिला आतून हायसं वाटायचं. असं वाटलं याची तिला मग लाजही वाटायची.

बहात्तर साली एक नवी गोष्ट कळली. पितांबरच बोलला, आणि मराठीत बोलला. कारकुनाची जागा जळगावात नव्हती. होती ती धुळ्याच्या कचेरीत. पास झाला तर धुळ्याला जावं लागणार.

"मग आपण सगळेच जाऊ," कुंदा म्हणाली. धुळं तिचं माहेर. क्षणभर तिला आनंदच झाला.

उंबऱ्यावरून उत्तर आलं. "मी काही धुयाले येवाव नही. या ओट्यावर मन्हा धनी बसे. मन्हं बठ्ठं आठेच शे."

म्हणजे आक्का इथे, आणि आक्कांपाशी सून इथे. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. कुंदा दुसऱ्या दिवशी हसीनाबीच्या ओट्यावर सुईत दोरा ओवून देत बसली होती, तेव्हा तिने हे सांगितलं.

"अगे, हमारे मियाँ ट्रक पे," हसीनाबी दोरा दाताने तोडत म्हणाली. "पहले साल वो जाते थे तो मैं रोती थी. अब आते हैं तो रोना आता है. आदत की बात है, कुंदाबाई."

"तुम्ही चेष्टा करता."

"चेष्टा नई तो क्या करूँ? बैठ के रोऊँ? गोधडी कौन सिएगा?" मग जरा थांबून ती खालच्या आवाजात म्हणाली, "तू पढ़ाना कच्चा कर दे. फेल होने दे उसको. किसको पता चलता है?"

कुंदाच्या हातून दोरा निसटला. कारण हा विचार तिच्या मनात आधीच येऊन बसला होता. हसीनाबीने फक्त त्याला पाट मांडून दिला.

आणि गंमत बघा, तिला काही करावंच लागलं नाही. ते साल दुष्काळाचं. मेहरूणच्या तलावाचा तळ उघडा पडलेला, पितांबर सकाळी पाण्याच्या रांगेत, दिवसा कचेरीत. एक दिवस संध्याकाळी तो पुस्तक न घेताच ओट्यावर आला. "लेक विदाउट वॉटर," तलावाकडे हात करून म्हणाला, आणि मग मराठीत, "या वर्षी नाही बसत मी. पुरे झालं. शिपाई तर शिपाई. आपलं चाललंय ते बरं चाललंय. संध्याकाळी बसत जाऊ असेच."

आपलं बरं चाललंय. बसत जाऊ असेच. एवढ्या वर्षांत त्याने तिला याहून गोड काही सांगितलं नव्हतं, आणि तेही मराठीत, उंबऱ्यावर आक्का बसलेल्या असताना. कुंदा "सकाळी सांगते," एवढंच म्हणाली. पण खरं म्हणजे तिचं ठरलं होतं. त्याने नको म्हटलं होतं, तिने फक्त बरं म्हणायचं होतं.

सकाळी ती भाजी आणायला सुभाष चौकाकडे गेली. दुष्काळातली भाजी, दांडे जास्त नि पानं कमी. मेथीची जुडी उलटीपालटी करत असताना पलीकडून बांगड्यांचा आणि रागाचा आवाज आला. साहेबांच्या मंडळी भाव करत होत्या. त्यांच्या मागे दोन पावलांवर, दोन्ही हातांत गच्च भरलेल्या पिशव्या, काखेत बाईंची छत्री आणि अंगात कचेरीचा खाकी कोट घालून पितांबर उभा होता. पिशवीतून एक वांगं घरंगळून गटाराकडे गेलं. बाई म्हणाल्या, "लक्ष कुठंय तुझं? उचल." तो वाकला. वाकताना छत्री पडली, छत्री उचलताना बटाटे सांडले. भाजीवाल्या हसल्या.

उठता उठता त्याला कुंदा दिसली. दोघांची नजर एकदा भिडली. मग त्याने असं केलं, जसं तो तिला ओळखतच नाही. वळला, आणि बाईंच्या मागे चालू लागला. पाठीमागून तिला दिसत होते ते फक्त कान.

संध्याकाळी तो खूप उशीर करून ओट्यावर आला. ती फक्त म्हणाली, "फॉर्म भरा."

"काल मी म्हटलं ना..."

"भरा. या खेपेला मी तुम्हाला पास करते."

आणि तिने केलं. त्या हिवाळ्यात ओट्यावर कलेक्टर नव्हता, सिनेमा नव्हता, झोप लागली का ही विचारपूस नव्हती. होता तो राजा, शिंपी आणि कोल्हा. त्याने मध्येच काही आपलं बोलायला सुरुवात केली की ती म्हणायची, "हे पेपरात येत नाही." तो मुकाट्याने कोल्ह्याकडे वळायचा. आक्का एकदा पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आजकाल मजा नही वाटत तुम्हनं इंग्रजीनी." हसीनाबीने टाके घालता घालता एकदा कुंदाकडे बघितलं आणि मान खाली घातली. कुंदा शिकवत होती तशी तिला शिकवणारी कुणी भेटली असती तर ती स्वतः कॉलेजात गेली असती. एकेक वाक्य घोटून घेताना तिला कळत होतं की आपण आपल्याच हाताने हा ओटा रिकामा करतोय. तरी ती घोटून घेत होती.

जूनमध्ये निकाल लागला. पितांबर इंग्रजीत पास झाला, जेमतेम, पण पास. आक्कांनी आळीत गूळ वाटला. ज्यांनी ज्यांनी विदाउट म्हणून हाक मारली होती त्यांच्या घरी मुद्दाम जरा मोठा खडा. "मन्हा आंडोर विथ व्हई गया," त्या प्रत्येक दारात सांगत होत्या. काही महिन्यांत हुकूम आला. कुंदाने वळकटी बांधली, फराळाचा डबा दिला. एसटी हलली तेव्हा त्याने खिडकीतून हात बाहेर काढला, पण कुंदासोबत आक्का होत्या, म्हणून तो हात आक्कांकडे बघून हलला.

धुळ्याला जाऊन पितांबर बघतो तो काय, कचेरीतला सगळा कारभार मराठीतून! इंग्रजी कागद कधीतरी, तोही हेडक्लार्कच्या टेबलावर. मात्र तिथली मराठी काही मेहरूणच्या ओट्यावरची नव्हती. 'सदर बाब', 'उचित कार्यवाहीस्तव', 'सादर केले आहे'. या भाषेला बोलणारा माणूस लागत नाही, ती आपोआपच बोलली जाते. पितांबर मन लावून ती शिकला. त्याला आता लोक पितांबरभाऊ म्हणू लागले. खाकी कोट गेला, पांढरा सदरा आला, सदऱ्याच्या खिशाला पेन आलं. ते बघून कुंदाला खरंच बरं वाटायचं. वांगं उचलायला वाकलेला माणूस ताठ झाला होता, आणि तो तिने ताठ केला होता.

शनिवारी तो घरी यायचा. पहिल्या शनिवारी तिने ओटा सारवला, पाणी तापवून ठेवलं, आणि हातपाय धुऊन तो बाहेर आल्यावर आपल्या टोकाला जाऊन बसली. तो तिच्याकडे बघून गोंधळला.

"काय गं?"

"काही नाही. बसायचं ना?"

"आता कशाला? झालो ना पास," तो हसून म्हणाला, आणि चपला घालून पानाच्या ठेल्याकडे गेला. तिथे मंडळी त्याच्या बदलीच्या गोष्टी ऐकायला थांबली होती. नंतरच्या शनिवारी ती ओट्यावर बसली नाही. घरात तो भिंतीकडे बघून विचारायचा, "आक्कांच्या औषधाबाबत काय झालं?" आणि ती माठाकडे बघून सांगायची, "आणलंय."

एरवी घरात दोघीच. दिवेलागणीला आक्का सवयीने कापूस घेऊन उंबऱ्यावर बसायच्या, आणि समोर कुणी नसायचं. एकदा त्या वाती वळता वळता म्हणाल्या, "म्हन ना व ते तुन्हं इंग्रजी. कान सुना पडी ग्यात."

"काय म्हणू, आक्का?"

"काही बी. माले कोठे समजस?"

कुंदा पदराशी चाळा करत राहिली, मग हळूहळू म्हणू लागली, आणि आक्कांच्या हातातला कापूस थांबला, मान छातीवर आली. आक्का झोपल्यावरही ती म्हणतच राहिली. त्या दोघींमध्ये त्या दोन वर्षांत जेवढी माया झाली तेवढी आधीच्या नऊ वर्षांत झाली नव्हती. मग पंचाहत्तरच्या थंडीत आक्का दोन दिवसांच्या तापाने गेल्या.

दिवसकार्य आटोपल्यावर पितांबरने मेहरूणच्या घराला कुलूप लावलं आणि कुंदाला धुळ्याला घेऊन गेला. निघताना हसीनाबीने तिच्या गळ्यात पडून एक नवी गोधडी दिली. "अब तो दोनों अकेले. राज कर," ती म्हणाली, आणि या वेळी चेष्टा नव्हती.

धुळ्याच्या जुन्या पेठेत गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. तशा एका नंबरच्या गल्लीत माडीवरची खोली. सासू नाही, उंबऱ्यावर पहारा नाही, शेजारी ओटा नाही. एसटीत कुंदा वाटभर खिडकीबाहेर बघत होती आणि मनात एक वाक्य जुळवत होती. एवढ्या दिवसांनी म्हणायचं, तर चुकता कामा नये.

पहिल्याच संध्याकाळी पितांबर कचेरीतून आला, हातपाय धुतले, वर्तमानपत्र घेऊन पाटावर टेकला. ती समोर बसली. खाली गल्लीत हातगाडीवाला ओरडत गेला तोवर थांबली आणि मग एकेक शब्द नीट ठेवत म्हणाली, "दीज टू इयर्स, द ओटा वॉज विदाउट अ स्टुडंट."

पितांबरने वर्तमानपत्र खाली केलं. त्याला समजलं होतं. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर ते जुनं, मांडीवर थाप मारणारं काहीतरी येऊनही गेलं. मग तो अगदी मायेने, तिच्या डोक्यावरचं एखादं ओझं उतरवून घ्यावं तसा म्हणाला, "अगं, मराठीत बोल की आता. इथे ऐकायला कोण बसलंय?"

खरंच कुणी नव्हतं. कुंदाने बोलायला तोंड उघडलं. मराठीत ती त्याच्याशी आजवर काय बोलली होती? पाणी ठेवलंय. वाढू का. आणलंय. फॉर्म भरा. तो वाट बघत होता. बराच वेळ वाट बघत होता, बिचारा.

"उद्या भाजी कुठली आणू?" तिने विचारलं.

"आण कुठलीही," तो म्हणाला, आणि त्याने वर्तमानपत्र पुन्हा वर केलं.